हाड शाबूत, मग वास कुठे गेला?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा. तीन महिन्यांपूर्वी ते दुचाकीवरून पडले, डोक्याची मागची बाजू आपटली, दोनेक मिनिटं शुद्ध हरपली. आठवडाभराने घरी आल्यावर लक्षात आलं की कशाचाच वास येत नाही. सीटी स्कॅनचा रिपोर्ट म्हणतो: क्रिब्रिफॉर्म प्लेटला (नाकाच्या छतातली हाडाची छिद्रं असलेली चाळण) फ्रॅक्चर नाही, केरॉस टाइप टू, नाकाचा पडदा डावीकडे वाकलेला, इथमॉइड सायनसमध्ये किंचित सूज. एका डॉक्टरांनी सांगितलं, वासाच्या नसा चाळणीच्या हाडापाशी तुटल्या आहेत. दुसऱ्यांनी सुचवलं, पडद्याचं ऑपरेशन करून बघू. आता ते विचारतात: हाड मोडलेलंच नाही, तर त्यातून जाणारी नस तुटेल कशी? मार मागे लागला, मग बिघाड पुढे नाकापाशी कसा? आणि ती छिद्रं आता बुजून गेली असतील का?

पंचवीसएक वर्षं मी कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया करतोय आणि त्यातला बराच वेळ याच हाडाच्या अवतीभवती जातो. तरी आधीच सांगतो, तुमचं नाक मी दुर्बिणीतून पाहिलेलं नाही आणि सीटीच्या फिल्मही पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे ‘तुमचा वास परत येईल की नाही’ याचं उत्तर मी देणार नाही. पण हाड शाबूत असताना वास कसा जातो, हे मात्र नीट सांगता येतं, आणि ते कळलं की दोन डॉक्टरांपैकी कोणाचं म्हणणं कुठे बसतं हेही तुमचं तुम्हाला कळेल.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे. नस म्हणजे पाइपातून गेलेली वायर. पाइप फुटला नाही तर वायर तुटायचं कारण काय? शरीरात काही ठिकाणी हा हिशेब बऱ्यापैकी चालतो. कानामागच्या हाडातून चेहऱ्याची नस जाते तिथे आम्हीही असाच विचार करतो. इथे मात्र तो चालत नाही. इथे पाइप नाही, चाळण आहे. वायरही एक नाही, अतिशय नाजूक धाग्यांचे १५ ते २० जुडगे आहेत, एकेका बाजूला. त्या धाग्यांचं एक टोक नाकाच्या छताला चिकटलेलं आणि दुसरं टोक मेंदूला. नाकाचं छत हलत नाही. मेंदू हलतो.

हे हाड म्हणजे इथमॉइड. ग्रीक भाषेतल्या चाळणीवरून त्याला हे नाव पडलं, म्हणून ‘चाळणीचं हाड’ हे आपलं नावही चपखल आहे. कवटीत मेंदूला वेढणाऱ्या आठ हाडांपैकी हे एक. दोन डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या मुळाच्या मागे, मेंदूच्या पुढच्या भागाखाली ते बसलेलं असतं. बाहेरून कुठूनही बोटाला लागत नाही. विद्यार्थी असताना पहिल्यांदा सुटं इथमॉइड हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी वाळलेल्या पापुद्र्यांचा चुरा चिकटवून ठेवलाय. वजन जवळजवळ नाहीच. बरोबरच्या एकाने ते जरा घट्ट धरलं आणि एक बाजू सरळ चेपून गेली. आम्हाला ओरडा बसला, पण या हाडाबद्दलचा पहिला धडा तोच: ते मजबुतीसाठी नाहीच. ते म्हणजे हवेच्या खोल्या आणि त्यांच्यामधल्या भिंती.

पुस्तकात त्याचं वर्णन वाचायला गेलात तर डोकं गरगरेल, कारण ते तब्बल १३ हाडांना टेकतं (मागच्या बाजूची दोन छोटी हाडं वेगळी मोजली तर १५) आणि प्रत्येक सांध्याला नाव आहे. ते सगळं तुम्हाला नको. डोळ्यांसमोर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आकार आणा: वर एक आडवी पट्टी, मधून खाली लोंबणारी एक उभी पट्टी, आणि आडव्या पट्टीच्या दोन टोकांना खाली लटकवलेल्या दोन पोकळ पेट्या. आडवी पट्टी म्हणजे चाळण, म्हणजेच तुमच्या रिपोर्टमधली क्रिब्रिफॉर्म प्लेट. उभी पट्टी म्हणजे नाकाच्या पडद्याचा वरचा भाग. दोन पेट्या म्हणजे इथमॉइड सायनस, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, एकेका बाजूला ३ ते १८ पर्यंत कितीही कप्पे असू शकतात. आडव्या पट्टीच्या वर, बरोबर मधोमध, मेंदूच्या बाजूला एक उंचवटा उभा असतो. त्याचा आकार कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, नावही तेच: क्रिस्टा गॅली. मेंदूच्या दोन अर्धगोलांमधला जाड पडदा पुढच्या बाजूला या तुऱ्याला बांधलेला असतो.

आता चाळणीकडे येऊ, कारण तुमचं सगळं प्रकरण तिथेच आहे.

तुऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अरुंद पन्हळ असते. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, रुंदी काही मिलिमीटर. तळाला छिद्रंच छिद्रं. या पन्हळीत मेंदूचा एक छोटा, लांबट फुगवटा टेकलेला असतो: ऑल्फॅक्टरी बल्ब, म्हणजे गंधकंद. खाली, नाकाच्या आत, अगदी वरच्या फटीत, छताला, पडद्याच्या वरच्या टोकाला आणि समोरच्या वरच्या टर्बिनेटला (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरून आत आलेली हाडाची वळलेली घडी) वास ओळखणारी त्वचा असते, काही चौरस सेंटिमीटर एवढीच. तिच्यातल्या लाखो पेशींचं एक टोक नाकातल्या शेंबडाच्या पातळ थरात बुडालेलं आणि दुसऱ्या टोकाचा धागा वर छिद्रातून थेट गंधकंदात. या पेशी स्वतःच चेतापेशी आहेत. म्हणजे मेंदूशी जोडलेली चेतापेशी उघड्यावर, बाहेरच्या हवेच्या संपर्कात येते ती ही जागा. डोळ्याच्या, कानाच्या नसा हाडाच्या आत दडून असतात. ही बिचारी दारातच उभी.

इथे एक बारकावा सांगतो, कारण बरेच लोक (आणि परीक्षेतले विद्यार्थीही) इथे घसरतात. चित्रात गंधकंद आणि त्यामागची लांब पट्टी दाखवून ‘ही वासाची नस’ म्हणतात. खरं तर तो मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. वासाची नस, म्हणजे पहिली कपालचेता, ती छिद्रांतून जाणारी ही आखूड धाग्यांची जुडगी. तिची लांबी मिलिमीटरांत मोजायची. एवढ्या आखूड नसेला ताण आला तर सैल होऊन निभावून न्यायला जागाच नसते. शिवाय या धाग्यांवर इतर नसांवर असतं तसं मायलिनचं जाड वेष्टण नसतं.

आता मार मागे लागला तेव्हा काय झालं ते बघा. पाण्याने भरलेलं भांडं घेऊन तुम्ही झपझप चालताय आणि एकदम थबकलात. भांडं थांबतं, पाणी थांबत नाही. ते आधी चालत्या दिशेला उसळतं आणि मग मागे येतं. कवटी म्हणजे भांडं. मेंदू तिच्यात पाण्यावर तरंगत असतो, कवटीला घट्ट चिकटलेला नसतो. डोकं मागच्या बाजूने जमिनीवर आपटलं की कवटी तिथल्या तिथे थांबते, मेंदू क्षणभर मागे सरकत राहतो आणि मग पुढे उसळी घेतो. मागे सरकताना पुढचा भाग चाळणीपासून ओढला जातो. त्या क्षणी धाग्यांची खालची टोकं हाडात रोवलेली आणि वरची टोकं मेंदूबरोबर निघालेली. छिद्राची कड म्हणजे हाडाची कड. हाड न मोडताही धागा त्या कडेवर कापला जातो. किंबहुना हाड जागच्या जागी घट्ट राहिलं म्हणूनच ते सुरीसारखं वागलं. कपाळावर बसलेल्या मारापेक्षा डोक्याच्या मागे बसलेल्या माराने वास जास्त वेळा जातो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून दिसत आलंय, ते याचमुळे.

दुसरी गोष्टही घडलेली असू शकते. पुढे उसळी घेताना मेंदूचा खालचा पुढचा भाग डोळ्यांच्या खोबणीच्या खडबडीत छतावर घासतो. तिथे गंधकंद चेचला जाऊ शकतो किंवा वासाचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग दुखावला जाऊ शकतो. धागे तुटलेत, गंधकंद चेचलाय की दोन्ही, हे बाहेरून सांगता येत नाही. सीटी तर अजिबातच सांगत नाही, कारण सीटी हाड दाखवतो. ते धागे सीटीत दिसत नाहीत. म्हणून ‘क्रिब्रिफॉर्म प्लेटला फ्रॅक्चर नाही’ या वाक्याचा अर्थ तेवढाच घ्या: मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळण्याचा धोका कमी. वास शाबूत आहे असा त्याचा अर्थ कधीच नसतो.

हे मी शिकलो ते स्वतः चूक करूनच. सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका रुग्णाला मी रिपोर्ट वाचून छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘हाड ठीक आहे, महिन्याभरात वास येईल.’ तो महिना, पुढचे सहा महिने, वर्ष, काही आलं नाही. तो रागावला नाही, नुसता म्हणाला, ‘तुम्ही सांगितलं होतं म्हणून वाट बघत होतो.’ तेव्हापासून हाडाचा रिपोर्ट आणि नसेचा अंदाज या दोन गोष्टी मी एका वाक्यात बोलत नाही.

रिपोर्टमधलं ‘केरॉस टाइप टू’ वाचून तुम्ही घाबरला असाल तर ती भीती आत्ता सोडून द्या. तो आजार नाही, माप आहे. १९६२ साली केरॉस यांनी मांडलेली ही वर्गवारी: तुऱ्याशेजारची पन्हळ किती खोल आहे त्यावरून. १ ते ३ मिलिमीटर म्हणजे टाइप वन, ४ ते ७ म्हणजे टू, ८ ते १६ म्हणजे थ्री. बहुतेक पाहण्यांत टाइप टूच सर्वांत जास्त सापडतो. मग रेडिओलॉजिस्ट हे लिहितात कशासाठी? आमच्यासाठी, शस्त्रक्रिया करणाऱ्यांसाठी. पन्हळीची बाहेरची उभी भिंत असते, लॅटरल लॅमेला, ती या सगळ्या हाडात सर्वांत पातळ, काही ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. पन्हळ जितकी खोल तितकी ही पातळ भिंत उंच, आणि सायनसच्या ऑपरेशनमध्ये आमच्या हत्याराच्या वाटेत येण्याची शक्यता तितकी जास्त. डोळ्याकडून येणारी एक छोटी धमनीही याच भिंतीतून आत शिरते आणि ती शिरते ती जागा आणखीच कमकुवत. शिकत असताना माझ्या वरिष्ठांनी एकदा माझं मनगट हवेतच धरलं होतं. दुर्बिणीच्या मॉनिटरवर मला नुसती एक गुलाबी भिंत दिसत होती. ते म्हणाले, ‘याच्यापलीकडे काय आहे?’ मी उत्तर दिलं नाही, हत्यार बाहेर काढलं. आजही सीटी लावल्यावर सगळ्यांत आधी मी ही भिंत दोन्ही बाजूंना मोजतो, कारण डावी-उजवी सारखी असेलच असं नाही.

आता पडद्याचा मुद्दा. नाकाचा पडदा पुढे कूर्चेचा असतो, मागे वर इथमॉइडची उभी पट्टी आणि मागे खाली व्होमर नावाचं हाड. थोडाफार वाकडा पडदा असंख्य लोकांना असतो. त्यालाच लोक ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतात. खरं तर वाढलेलं काही नसतं, वाकलेलं असतं. (गंमत म्हणजे टर्बिनेट सुजली तरी त्यालाही ‘हाड वाढलंय’च म्हणतात. त्यामुळे रुग्ण काय सांगतोय ते नाकात बघितल्याशिवाय कळत नाही.) वाकड्या पडद्याने वरच्या फटीत हवा कमी पोहोचते आणि वास मंदावू शकतो, हे खरं. पण तुमचा वास पूर्ण गेलाय, दोन्ही बाजूंचा, आणि अपघातानंतर एकदम. पडदा डावीकडे वाकलाय म्हणजे उजवी बाजू उलट ऐसपैस असणार. तिथून हवा वर जाते आहे, तरी वास नाही. अपघाताच्या आधी हाच पडदा होता आणि वास येत होता. (पडताना नाकालाच मार बसून पडदा नव्याने सरकला असेल तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही तसं काही सांगितलेलं नाही.) म्हणजे वास गेला एका कारणाने आणि ऑपरेशन दुसऱ्याचंच, वड्याचं तेल वांग्यावर. श्वास खरोखर कोंडत असेल तर पडद्याची शस्त्रक्रिया जरूर करा, पण श्वासासाठी करा, वासासाठी नको.

आणि करायचीच झाली तर शल्यचिकित्सकाला डोक्याच्या माराबद्दल स्पष्ट सांगा. ही उभी पट्टी वर चाळणीला एकसंध जोडलेली असते. ती चिमट्यात धरून पिळली तर तो पीळ वर चाळणीपर्यंत पोहोचतो आणि तिथे चीर जाऊ शकते. म्हणून वरच्या भागाचं हाड काढायचं असेल तर आधी कात्रीने कापून सुटं करायचं, हिसका द्यायचा नाही, असं आम्ही नव्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी घोकवतो. मधल्या टर्बिनेटलाही हेच लागू. तीही इथमॉइडचाच भाग आहे आणि वर त्या चाळणीच्याच कडेला लटकलेली आहे. (खालची टर्बिनेट मात्र स्वतंत्र हाड.) सरसकट भीती घालायचा हेतू नाही, रोज असंख्य ऑपरेशनं सुरळीत होतात. पण तुमच्या चाळणीने नुकताच एक झटका खाल्लाय आणि सीटीत न दिसणारी केसासारखी चीर असू शकते, म्हणून सांगितलं.

‘इथमॉइड सायनसमध्ये किंचित सूज’ याकडे फार लक्ष देऊ नका. साध्या सर्दीनंतरही असं दिसतं आणि काहीच त्रास नसलेल्या माणसाच्या स्कॅनमध्येही. त्या पेट्यांची बाहेरची भिंत, डोळ्याच्या बाजूची, इतकी पातळ आहे की तिचं नावच ‘कागदी पट्टी’ अशा अर्थाचं आहे. लहान मुलांत इथली सूज कधीकधी त्या भिंतीतून डोळ्यापर्यंत जाते आणि ती तातडीची बाब असते. तुमच्या बाबतीत तसं काही दिसत नाही. तरी नाकातून दुर्बीण घालून वरची फट एकदा मोकळी आहे ना, मांस किंवा पू नाही ना, हे बघून घ्यावं. फट बंद असेल तर सगळा विचार बदलतो, कारण बंद फट उघडता येते, तुटलेला धागा शिवता येत नाही.

घरी एक साधी गोष्ट करून बघण्यासारखी आहे. निलगिरीचं तेल किंवा तीव्र झोंबणारं काही नाकाजवळ धरलं तर झोंबतं का, थंडावा जाणवतो का? जाणवायला हवा. कारण झोंबणं ही वासाच्या नसेची खबर नव्हे, ती चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या पाचव्या नसेची. तिची एक फांदी या चाळणीशेजारूनच मोठा वळसा घालून नाकात उतरते: डोळ्याच्या खोबणीतून निघते, क्षणभर कवटीच्या आत शिरते आणि तुऱ्याच्या बाजूच्या फटीतून खाली येते. शिवाय या नसेच्या दुसऱ्या फांद्याही नाकाला संवेदना देतात, त्यामुळे ही जाणीव बहुधा टिकते. झोंबतं म्हणून ‘वास परत येतोय’ असा अर्थ मात्र काढू नका. या आशेवर मी लोकांना महिनोन्‌महिने राहिलेलं पाहिलंय. तसंच, जिभेला गोड-खारट-आंबट-कडू कळत असूनही जेवण बेचव लागत असेल तर तेही वासच गेल्यामुळे. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो आणि आपण ज्याला ‘चव’ म्हणतो त्याचा मोठा भाग तोच असतो.

छिद्रं बुजतील का? वय वाढेल तशी चाळणीची छिद्रं थोडी आकसत जातात, असं कवट्या मोजणाऱ्यांना दिसलंय. पण ते वर्षानुवर्षांचं काम. तीन महिन्यांत हाड छिद्र बुजवत नाही. बुजवते ती जखमेची खपली, म्हणजे छिद्रात आणि चाळणीवर तयार होणारी तंतूंची जाळी. आणि खरी शर्यत इथेच आहे. वासाच्या पेशी शरीरातल्या अपवादात्मक चेतापेशींपैकी आहेत: त्या मरतात आणि तळाच्या पेशींपासून नव्या तयार होत राहतात, आयुष्यभर. नवी पेशी नवा धागा वर पाठवते. त्याला छिद्र मोकळं मिळालं आणि पलीकडे धडधाकट गंधकंद भेटला तर जोडणी होऊ शकते. वाटेत खपली आडवी आली तर तो तिथेच गुंतून पडतो. कधी जोडणी होते पण चुकीच्या जागी, आणि मग ओळखीच्या गोष्टींचा भलताच, बहुधा जळका किंवा घाण वास येतो. रुग्णांना ते भयंकर वाटतं. मला त्यात थोडी आशा दिसते, कारण काहीतरी पलीकडे पोहोचलंय.

यातलं किती घडेल हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून. वय कमी असेल, मार सौम्य असेल, थोडासा तरी वास शिल्लक असेल तर अंदाज बरा. वास शून्य असेल, बेशुद्धी लांबलेली असेल, एमआरआयमध्ये गंधकंद आक्रसलेला किंवा मेंदूच्या पुढच्या भागात इजा दिसत असेल तर अंदाज वाईट. माराने पूर्ण गेलेला वास परत येणाऱ्यांची संख्या अर्ध्याहून बरीच कमी असते आणि ज्यांचा येतो त्यांचा बहुतेकदा पहिल्या वर्षात येऊ लागतो. त्यानंतरही क्वचित येतो. तीन महिने म्हणजे दार बंद झालं असं समजायची वेळ नाही, पण ‘येईलच’ म्हणण्याचीही नाही.

तोवर करायचं काय? वासाचा सराव. २००९ मध्ये थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. एकेक वास दहाएक सेकंद हळुवार हुंगायचा आणि तो वास कसा होता हे मुद्दाम आठवायचं. माझ्या अनुभवात लोक पंधरा दिवसांत कंटाळतात. मी सहा महिने सांगतो. विषाणूच्या तापानंतर गेलेल्या वासावर याचा पुरावा चांगला आहे, डोक्याच्या मारानंतर कमी. पण अपाय काही नाही, म्हणून मी देतो. स्टिरॉइडच्या गोळ्यांचं तसं नाही. सूज असेल तर त्यांचा उपयोग होतो, तुटलेल्या धाग्यावर होतो असा ठोस पुरावा नाही, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर त्या महागात पडू शकतात. ते तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून ठरवावं.

एक लक्षण मात्र सांभाळा, फ्रॅक्चर नाही म्हटलं असलं तरी. पुढे वाकल्यावर एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाण्यासारखे थेंब टपटपणं, घशात खारट चव उतरणं, किंवा ताप, जोरात डोकेदुखी आणि मान ताठरणं. चाळणीवरचं आवरण फाटलं असेल तर मेंदूभोवतीचं पाणी नाकात येतं आणि त्याच वाटेने जंतू वर जाऊ शकतात. कधीकधी हे अपघातानंतर बऱ्याच काळाने सुरू होतं. असे थेंब आले तर नाक जोराने शिंकरू नका, थेंब स्वच्छ बाटलीत धरा आणि घेऊन जा. त्यातलं बीटा-टू ट्रान्सफेरिन तपासलं की पाणी मेंदूकडचं आहे की सर्दीचं हे कळतं. एकेकाळी वैद्यांचा असा समज होता की शेंबूड मेंदूतच तयार होतो आणि याच छिद्रांतून गाळून खाली येतो. सतराव्या शतकात कॉनरॅड व्हिक्टर श्नायडर यांनी दाखवलं की तो नाकाच्या अस्तरातच तयार होतो. त्यामुळे नाक गळलं म्हणून दचकू नका. दोन्ही नाकपुड्यांतून येणारं, चिकट, रुमाल कडक करणारं पाणी म्हणजे सर्दीच.

आणि घरात गॅसची गळती कळवणारं आणि धुराची सूचना देणारं यंत्र लावून घ्या. हे बहुतेक डॉक्टर सांगायचं विसरतात, मीही विसरायचो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे तीन गोष्टी मागा: दुर्बिणीने नाकाची वरची फट बघणं, वासाची मोजून केलेली चाचणी (४० वासांची एक चाचणी आहे, वासाच्या पेनांची दुसरी, कुठलीही चालेल, पण आजचा आकडा नोंदवून ठेवा म्हणजे सहा महिन्यांनी तुलना करता येईल), आणि एमआरआयने निर्णय बदलणार असेल तरच एमआरआय. नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, सीटीची सीडी न्या. समोरून घेतलेल्या, म्हणजे कोरोनल चित्रांत डॉक्टरांना तो कोंबड्याचा तुरा दाखवायला सांगा. तो सापडला की त्याच्या दोन बाजूंच्या पन्हळी तुमच्या तुम्हालाच दिसतील, आणि त्यांच्या तळाची ती पुसट, तुटक रेघ. ती रेघ म्हणजे चाळण. तिथे हाड तुटक दिसलं म्हणून घाबरू नका. ती छिद्रं आहेत.